वेशीवरचे साक्षीदार

शब्बाथ शाळेच्या मोठ्या मुलांच्या वर्गात आम्ही एज्राचे पुस्तक वाचत होतो. दहावा अध्याय संपला आणि तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीने विचारले, “सर, मग त्या बायका मुलांना घेऊन गेल्या कुठे?”

प्रसंग वाचकांच्या ओळखीचा आहे. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांपैकी कित्येकांनी आसपासच्या परक्या लोकांतील बायका केल्या होत्या. ते ऐकून एज्राने वस्त्रे फाडली व रडून प्रार्थना केली. पुढे नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सारे लोक यरुशलेमेत देवाच्या मंदिरापुढच्या चौकात भर पावसात कापत बसले, आणि परक्या बायकांना घालवून द्यावे असे ठरले. घराघराची चौकशी तीन महिने चालली. अध्यायाच्या शेवटी शंभराहून अधिक पुरुषांची नावे घराण्यांसह नोंदलेली आहेत. बायकांचे नाव मात्र एकही नाही. त्यांतल्या काहींना मुले झालेली होती, एवढे शेवटच्या ओळीत कळते आणि पुस्तक संपते.

“शास्त्रात ते सांगितलेले नाही,” असे मी त्या मुलीला उत्तर दिले. उत्तर चुकीचे नव्हते. पण पुस्तक मिटून घरी आलो तरी प्रश्न काही मिटला नाही. कारण तो केवळ एज्राच्या काळचा नाही. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची. एके दिवशी सरकार दोघांपैकी एकाला सांगते, “तुला या देशात राहता येणार नाही.” अशा वेळी त्या घराने काय करावे? आणि ज्या मंडळीत ते घर बसते-उठते, तिने काय करावे? या दुसऱ्या प्रश्नाविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. म्हणून हा लेख.

हे आपल्यापासून दूरचे आहे असे कोणी म्हणेल. बेळगावची लेक कोल्हापुरात दिली, किंवा इंदूरच्या घरात बडोद्याची सून आणली, तर तिला कोणी परवाना विचारत नाही. राज्यांच्या सीमेचा वाद आपल्याकडे कितीही जुना असला तरी त्या सीमेवर नवराबायकोची ताटातूट होत नाही. देशाची सीमा निराळी असते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसांना ठार केले. मृतांत आपल्या महाराष्ट्राचीही माणसे होती. त्यानंतर आपल्या सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. त्या दिवसांत अटारीच्या फाटकावर अशी कुटुंबे उभी होती की आईच्या हाती एका देशाचा पासपोर्ट आणि तिच्या लेकरांच्या हाती दुसऱ्या देशाचा. पहलगामच्या विधवांचे दुःख खरे होते. फाटकावरच्या त्या आयांचे दुःखही खरे होते. एका दुःखाने दुसरे खोटे ठरत नाही.

शिवाय आज आपल्या मंडळ्यांतील किती घरांचे मुलगे-मुली परदेशी आहेत! त्यांतल्या काहींचे जोडीदार तिथलेच असतात, तर काहींचे तिसऱ्याच देशातले. लग्न झाले की नागरिकत्व आपोआप मिळते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला साधारणपणे सात वर्षे येथे वास्तव्य केल्यावर अर्ज करता येतो, आणि निर्णय सरकारच्या हाती असतो. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यात तर असे आहे की, जो परवान्याशिवाय १८० दिवसांहून अधिक काळ राहून देशाबाहेर पडला त्याला तीन वर्षे, आणि जो वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिला त्याला दहा वर्षे परत येण्याची मनाई होते. पत्नी तिथली नागरिक असली तरी ही मनाई आपोआप उठत नाही. सूट मागावी लागते आणि ती मिळेलच असे नाही. “एकदा मायदेशी जाऊन रीतसर परत ये,” असा सल्ला शेजारी सहज देतात. तो सल्ला मानून गेलेला माणूस दहा वर्षे अडकू शकतो. परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला राज्यघटनेने दिलेला नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला.

मग प्रश्न येतो, सरकारला असा अधिकार असावा काय? माझ्या मते देशाला वेस असावी आणि वेशीवर पहारा असावा. ज्या घराला दार नाही त्या घरात पाहुण्याचेही स्वागत करता येत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांना मान द्यायला सांगतो, तो वाईट राजाच्या काळात राहून सांगतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ साली, १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्याच्या प्रकरणात, परदेशी माणसाला देशाबाहेर पाठवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. तेव्हा सरकारने कागद विचारू नयेत, असे मी म्हणत नाही. खोटी लग्ने लावून परवाने मिळवणारे लोकही जगात आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या जोडप्यांकडे संशयाने पाहिले जाते.

पण अधिकाराला हद्द असते. अमुक माणसाने आमच्या देशात राहू नये, हे सरकार म्हणू शकते. तो अमकीचा नवरा नाही, हे म्हणण्याचा अधिकार सरकारला नाही. लग्न देवाने जोडलेले आहे आणि ते माणसाने तोडायचे नाही, हे प्रभूने परूशांना बजावले तेव्हा त्याने कोणत्याही माणसाचा अपवाद केला नाही. अंमलदार हासुद्धा माणूसच. तो दोघांच्या मध्ये समुद्र घालू शकतो. गाठ सोडणे त्याच्या हाती नाही.

तरीही ती गाठ सुटल्यासारखी होते. ती कशी, हे कळण्यासाठी एक खरी हकीकत सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या व्यापारी बोटींवर हजारो चिनी खलाशी होते. आपल्या गोव्याची आणि रत्नागिरीकडची माणसेही तशाच बोटींवर चाकरी करीत, त्यामुळे त्या जिण्याची कल्पना आपल्या कित्येक जुन्या घरांना आहे. पाणबुड्यांच्या धोक्यातून अन्न आणि इंधन आणणाऱ्या या चिनी खलाशांना गोऱ्या खलाशांपेक्षा पगार कमी होता, आणि १९४२ साली त्यांना त्यासाठी संप करावा लागला. लिव्हरपूल बंदरात त्यांचा तळ होता. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथल्या मुलींशी संसार थाटले, मुलेबाळे झाली. युद्ध संपले. १९ ऑक्टोबर १९४५ रोजी लंडनला गृहखात्यात बैठक झाली आणि या खलाशांना सक्तीने परत पाठवण्याची योजना आखली गेली. १९४६ पर्यंत सुमारे २,००० खलाशी बोटींवर चढवून चीनकडे रवाना झाले. त्यांत नवरे होते, बाप होते.

त्या काळी परदेशी पुरुषाशी लग्न केले की ब्रिटिश स्त्रीचे नागरिकत्वही साधारणतः जात असे. ही रीत १९४८ च्या कायद्याने बंद झाली. म्हणजे ज्या बायका मागे राहिल्या, त्यांच्यापैकी कित्येक स्वतःच्याच गावात कागदोपत्री परक्या झाल्या होत्या. नवरा कुठे आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. तो दुसऱ्या बोटीवर कामाला गेला असेल, पुढच्या महिन्यात येईल, अशी वाट पाहण्यात वर्षे गेली. शेजारी म्हणाले, “सोडून गेला. हे परके असेच असतात.” काही बायकांनीही शेवटी ते खरे मानले. मुले ते ऐकत मोठी झाली. आपल्या बापाने आपल्याला टाकले, हा सल मनात धरून ती म्हातारी झाली. सरकारी कागद अनेक दशकांनी उजेडात आले तेव्हा त्यांना कळले की बाप गेला नव्हता, त्याला नेला होता. २००६ साली लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्या खलाशांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या स्मरणार्थ एक फलक बसवला गेला. ही पाठवणी जबरदस्तीची होती आणि तिच्यावर वंशभेदाची छाया होती, हे ब्रिटनच्या गृहखात्याच्याच अहवालात २०२२ साली आले.

सरकारने त्या माणसांना दूर पाठवले, तो एक अन्याय. पण “सोडून गेला” हे शब्द सरकारने म्हटले नव्हते. ते गल्लीने म्हटले. दोन माणसांमध्ये समुद्र घातला गेल्यावर त्यांच्या लग्नाविषयीचे सत्य सांभाळायला मागे फक्त ओळखीपाळखीची माणसे उरतात. त्यांनी खोटे बोलायला सुरुवात केली, किंवा नुसती मान डोलावली, म्हणजे अंमलदाराला जे करता आले नाही ते पुरे होते.

आता रूथच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. रूथ मवाबी होती. मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असा अनुवादात निर्बंध आहे. बवाज बेथलेहेमच्या वेशीपाशी जाऊन बसतो, गावातल्या दहा वडीलजनांना बसवतो आणि सर्वांसमक्ष सांगतो की मी या मवाबी बाईला बायको करून घेत आहे आणि तुम्ही याला साक्षी आहात. वडीलजन आणि वेशीत जमलेले सारे लोक उत्तर देतात की होय, आम्ही साक्षी आहोत. आणि मग ते तिला आशीर्वाद देतात. वेशीचा उपयोग परक्याला अडवण्यासाठी होतो. बेथलेहेमकरांनी त्याच वेशीवर एका परकीला आपली म्हणून घेतले, आणि तसे म्हणण्याची जबाबदारी साऱ्या गावाने उचलली. त्या बाईचे नाव पुढे मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूच्या वंशावळीत आले.

एज्राच्या यादीत बायकांची नावे नाहीत, आणि रूथचे तर पुस्तकच आहे. दोन्ही पुस्तके एकाच पवित्र शास्त्रात आहेत. एज्राचे लोक मूठभर होते, आणि घरात परकी दैवते आली तर आपण पुन्हा देवाला अंतरू, हे त्यांचे भय होते. ते भय मी हलके मानत नाही. पण आज अटारीला किंवा अमेरिकेत जे घडते ते कोणाच्या उपासनेसाठी घडत नाही, पासपोर्टासाठी घडते. तेव्हा एज्राच्या दहाव्या अध्यायाचा आधार त्याला देता येणार नाही. आणि उपासनेचा प्रश्न असला तरी ख्रिस्ती मंडळीला पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात वेगळी वाट दाखवली आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदारही सोबत राहायला राजी असेल तर त्याला टाकू नये, असे तो सांगतो. मलाखी तर दुसऱ्या अध्यायात परक्या दैवताच्या लेकींशी केलेल्या लग्नांबद्दल रागावतो आणि त्याच अध्यायात म्हणतो की नवरा आणि त्याच्या तरुणपणाची बायको यांच्यामध्ये परमेश्वर स्वतः साक्षी आहे.

पुन्हा साक्षी. हा शब्द आपण किती सहज घेतो! आपल्या चर्चमध्ये लग्नाची सूचना आधी वाचली जाते. हरकत असल्यास सांगा, असे पाळक विचारतात आणि आपण गप्प राहतो. ते गप्प राहणे म्हणजे संमती असते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, गोव्यासारखे काही प्रदेश सोडले तर, निदान दोन साक्षीदारांसमक्ष लग्न लागावे लागते. नोंदवहीत त्यांच्या सह्या होतात. मग आपण जेवतो, फोटो काढतो आणि घरी जातो. सही त्या वहीत राहते. सहीचा अर्थ एवढाच काय, की त्या दिवशी आपण तिथे होतो? मला वाटते, तिचा अर्थ असा की या दोघांच्या लग्नाविषयी पुढे कोणी विचारले, कोणी शंका घेतली, कोणी खोटे बोलले, तर आम्ही उभे राहून खरे सांगू. हरकत घेण्याची वेळ होती तेव्हा आपण बोललो नाही. पुढे सरकारने हरकत घेतली तर त्या वेळी गप्प राहण्याचा आपल्याला काय हक्क?

आता त्या घराने काय करावे, याविषयी थोडे. कायद्याने जी जी दाद मागता येईल ती मागावी, आणि ती ऐकीव सल्ल्यावर नव्हे तर जाणत्या वकिलाला विचारून मागावी. खोटा कागद करू नये. एक खोटा कागद सापडला की शंभर खऱ्या कागदांवरचा विश्वास उडतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खऱ्या लग्नाला खोट्याचा टेकू लावण्यात त्या लग्नाचाच अपमान आहे. सारे करूनही जावेच लागले तर दुसऱ्याने मागोमाग जावे काय? रूथ सासूमागे सीमा ओलांडून गेली. योसेफ मरियेला आणि बाळाला घेऊन मिसराला गेला, त्यांना मागे ठेवून गेला नाही. तरी प्रत्येकाला जाता येतेच असे नाही. म्हातारी आई असते, मुलाचे औषधपाणी असते, तिकडे युद्ध असते. जी जाते तिला वेडी म्हणू नये, आणि जी थांबते तिला अर्ध्या मनाची म्हणू नये. तो निर्णय दोघांचा आहे, गावाचा नाही. शपथ तर दोन्हीकडे तीच राहते. जवळ राहून पाळायची किंवा दूर राहून पाळायची, एवढाच फरक.

आणि मंडळीने काय करावे? पहिली गोष्ट, अधिकाऱ्यासमोर खरे सांगावे. लग्नाच्या नोंदवहीचा उतारा लागतो, पाळकांचे पत्र लागते. ही दोघे इतकी वर्षे आपल्यामध्ये नवराबायको म्हणून राहत आली, असे सांगणारे शेजारी लागतात. खरे तेवढेच लिहावे, पण लवकर लिहावे. कचेरीत जाताना त्या बाईबरोबर कोणी वडीलजन किंवा महिला मंडळाची कोणी बहीण गेली, तर बाकावर बसलेल्या त्या माणसाला आपण एकटे नाही हे कळते. दुसरी गोष्ट, पोटापाण्याची. कमावता हात गेला तर घरभाडे आणि फी थांबत नाही, आणि वकिलाचे पैसे वेगळेच. प्रार्थनासभेत नाव घेऊन प्रार्थना करणे चांगले. त्या प्रार्थनेनंतर थैली फिरवणेही चांगले. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. ती प्रीती महिन्याच्या शेवटीही लागते.

तिसरी गोष्ट आपण शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी आहे. त्या घराचे मूल आपल्या वर्गात बसत असेल तर त्याच्या देखत, आणि त्याच्या पाठीमागेही, “बाप सोडून गेला” असे कोणाला म्हणू देऊ नका. इतर मुले ऐकलेले बोलतात. त्यांना तिथल्या तिथे खरे सांगा. “त्याचे बाबा गेले नाहीत. त्यांना जावे लागले. ते याच्या आईचे नवरे आहेत आणि याचे बाबा आहेत.” इतके पुरे. नाताळच्या कार्यक्रमात त्या बापाचे नाव घ्या. त्याचे पत्र आले, फोन आला, तर वर्गात आनंदाने सांगा. लिव्हरपूलच्या त्या मुलांना हे एवढे एक वाक्य वेळेवर मिळाले असते, तर बाप परत आला नसता; पण त्याच्याविषयीचा सल मनात घेऊन ती जगली नसती.

कोणी विचारील, इतक्याने हुकूम रद्द होतो काय? बहुधा होत नाही. साक्षीदाराच्या हाती निकाल नसतो. न्यायाधीश काय करील याची हमी घेऊन कोणी साक्ष देत नाही. जे पाहिले ते सांगणे, एवढेच त्याचे काम. आपल्या प्रभूच्या वधस्तंभापाशी ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्यांना तो हुकूम फिरवता आला नाही. पण त्या तिथे होत्या, म्हणून तिसऱ्या दिवशी कोणत्या कबरेकडे जायचे ते त्यांना ठाऊक होते.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला पुन्हा भेटलो. म्हटले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला अजून ठाऊक नाही. त्या बायका कुठे गेल्या हे कोणी लिहून ठेवले नाही, कारण त्यांच्या बाजूने साक्षी म्हणून कोणी उभे राहिले नसावे.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग आपण लिहून ठेवायचे.”

बंधुभगिनींनो, आपल्या नोंदवह्यांत आपल्या सह्या आहेत. देव आपल्याला त्या सहीला जागण्याचे धैर्य देवो.